पुराव्याच्या शोधात होमिओपॅथी : न्यूरेंबर्ग ते नाशिक

लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टरच्या रांगा लावणारा कांदा साऱ्या देशाला ठाऊक आहे. तो चिरताना डोळ्यांतून पाणी येतं, नाक वाहू लागतं, शिंका येतात. होमिओपॅथीच्या दृष्टीनं हीच त्याची औषधी ओळख. तांबड्या कांद्याच्या अर्कापासून ‘अ‍ॅलियम सेपा’ नावाचं औषध तयार होतं आणि पाण्यासारखं नाक वाहणाऱ्या सर्दीत ते दिलं जातं. एखादा पदार्थ निरोगी माणसात जी लक्षणं निर्माण करतो, तीच लक्षणं असलेल्या रुग्णाला तो सूक्ष्म मात्रेत बरं करतो, हा सॅम्युएल हानेमान यांनी १७९६ मध्ये मांडलेला नियम.

सूक्ष्म म्हणजे किती, हे नीट पाहायला हवं. मूळ अर्काचा एक थेंब घ्यायचा, त्यात अल्कोहोलचे ९९ थेंब घालायचे आणि बाटली जोरानं आपटत हलवायची. ही झाली पहिली पोटेन्सी. तिच्यातला एक थेंब घेऊन पुन्हा ९९ थेंबांत. असं तीस वेळा केलं की दवाखान्यात ज्याला नुसतं ‘थर्टी’ म्हणतात ते औषध तयार होतं आणि दोनशे वेळा केलं की ‘टू हंड्रेड’. अकरावी-बारावीला शिकवला जाणारा अ‍ॅव्होगॅड्रोचा अंक हाताशी घेऊन हिशेब मांडला, तर बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. तिसाव्या पायरीवर तर एकावर साठ शून्यं एवढ्या पटींनी पातळ झालेला अर्क त्या साखरेच्या गोळ्यांवर शिंपडलेला असतो.

होमिओपॅथीवर वैज्ञानिक संशोधन करणाऱ्याची अडचण इथून सुरू होते, पण ती इथेच संपत नाही. त्याच्यापुढे खरं तर दोन वेगळे प्रश्न असतात. गोळीत काही आहे का, हा एक. आणि रुग्णाला बरं वाटलं ते गोळीमुळे का, हा दुसरा. गेल्या दोनशे वर्षांत या दोन प्रश्नांची गल्लत समर्थकांनी केली तशी विरोधकांनीही केली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र फार लवकर, आणि फार चांगल्या रीतीनं, शोधायला सुरुवात झाली होती.

जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात १८३५ साली योहान रॉयटर या होमिओपॅथनं जाहीर आव्हान दिलं होतं. साध्या मिठाची थर्टी पोटेन्सी घेऊन पाहा, तिचा परिणाम जाणवल्याशिवाय राहणार नाही, असं त्याचं म्हणणं. शहराच्या रुग्णालयांची जबाबदारी असलेले फॉन होवेन हे त्याचे कडवे टीकाकार. या वादाचा निकाल लावण्यासाठी १९ फेब्रुवारी १८३५ रोजी गावातल्या एका खाणावळीत सव्वाशेच्या आसपास नागरिक जमले. शंभर बाटल्यांवर आकडे घातले, त्या मिसळल्या. निम्म्यांत मिठाची थर्टी भरली आणि निम्म्यांत बर्फाचं ऊर्ध्वपातित पाणी. कोणत्या आकड्याच्या बाटलीत काय आहे याची यादी मोहोरबंद करून ठेवली. बाटली घेणाऱ्यालाही ठाऊक नाही, देणाऱ्यालाही नाही. तीन आठवड्यांनी ५० जणांचे अहवाल हाती आले. ४२ जणांना काहीच वेगळं जाणवलं नव्हतं. आठ जणांना जाणवलं, त्यांतल्या पाच जणांकडे मीठ होतं आणि तिघांकडे नुसतं पाणी.

ज्याला आज ‘डबल ब्लाइंड’ चाचणी म्हणतात तिचा हा अगदी सुरुवातीचा नमुना. होमिओपॅथीच्या वादानं वैद्यकाला ही मोठी देणगी दिली. औषधाची परीक्षा घेणाऱ्याचे स्वतःचे डोळेही झाकायला हवेत, हे शहाणपण न्यूरेंबर्गच्या सामान्य नागरिकांनी विद्यापीठांच्या आधी दाखवलं. या चाचणीचा उल्लेख आपल्याकडच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात, मग तो कोणत्याही पॅथीचा असो, आवर्जून व्हायला हवा.

भारतात या वादाला वेगळं वळण लागलं. कोलकात्याचे नामांकित एम. डी. डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांनी १८६७ मध्ये भर सभेत होमिओपॅथीची बाजू घेतली आणि व्यवसायबंधूंचा बहिष्कार ओढवून घेतला. त्याच सरकारांनी १८७६ मध्ये ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था उभी केली. पुढे याच संस्थेत सी. व्ही. रामन यांना नोबेल मिळवून देणारं काम झालं. भारतीयांनी भारतीयांसाठी काढलेली विज्ञानसंस्था एका होमिओपॅथच्या पुढाकारानं उभी राहिली, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या कडव्या मंडळींनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

महाराष्ट्रात १९५९ च्या कायद्यानं होमिओपॅथीच्या व्यावसायिकांना नोंदणीची चौकट दिली. पुराव्याचा विचार शिस्तीनं करणारा माणूस मात्र मुंबईतून पुढे आला. डॉ. एम. एल. ढवळे (१९२७–१९८७) हे मुंबई विद्यापीठाचे आधुनिक वैद्यकातले एम. डी. रोगनिदान, शरीरशास्त्र, विकृतिशास्त्र यांवर पकड असलेला हा डॉक्टर होमिओपॅथीकडे वळला आणि तिथला ढिसाळपणा पाहून अस्वस्थ झाला. ‘अमक्या रुग्णाला तमक्या औषधानं चमत्कार झाला’ अशा कथा भरपूर होत्या, पण दुसऱ्या डॉक्टरनं तपासून पाहाव्यात अशा नोंदी नव्हत्या. १९६७ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस ऑफ होमिओपॅथी’ या ग्रंथानं एका पिढीला विचार करायला लावलं.

ढवळ्यांचं खरं काम म्हणजे ‘स्टँडर्डाइज्ड केस रेकॉर्ड’. आतून पाहिलं तर ही काही साधी केसपेपरची पुस्तिका नव्हे. रुग्णाची मुख्य तक्रार कधी, कशी, कशामुळे सुरू झाली, ती कशानं वाढते, कशानं कमी होते. भूक, तहान, झोप, स्वप्नं. बालपण, घरातली माणसं, नोकरीतले ताण. मग शारीरिक तपासणी, प्रयोगशाळेचे अहवाल, आधुनिक वैद्यकानुसार निदान. त्यानंतर कोणतं औषध का निवडलं आणि दुसरी जवळची औषधं का वगळली, याची कारणं. पुढच्या प्रत्येक भेटीत प्रत्येक लक्षणाचं काय झालं त्याच्या खुणा. औषध चुकलं तर तेही त्याच कागदावर राहतं, खोडता येत नाही. त्यांच्या शिष्यांनी उभ्या केलेल्या ट्रस्टनं पालघरला ग्रामीण होमिओपॅथिक रुग्णालय चालवलं आणि पदव्युत्तर शिक्षणही सुरू केलं. अपयश लिहून ठेवण्याचा हा आग्रह महाराष्ट्रातल्या होमिओपॅथीचा सर्वांत मौल्यवान वारसा आहे, असं निःसंकोच म्हणता येईल.

पण याच वारशात संशोधकाची दुसरी मोठी अडचण दडली आहे. ढवळे पद्धतीची केस घ्यायला तास-दीड तास लागतो. डॉक्टर इतका वेळ मन लावून ऐकतो, आयुष्याची चौकशी करतो, याचाही रुग्णावर परिणाम होणारच. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी २०११ मध्ये संधिवाताच्या ८३ रुग्णांवरच्या अभ्यासात हे दोन धागे वेगळे करून पाहिले. काहींना मुलाखत आणि औषध, काहींना मुलाखत आणि औषधासारखी दिसणारी निष्प्रभ गोळी, तर काहींना मुलाखतीशिवाय नुसती गोळी. फायदा दिसला तो मुलाखतीचा. गोळीचा वेगळा असा फायदा दिसला नाही.

तिसरी अडचण एकाच आजाराच्या दहा रुग्णांना दहा वेगळी औषधं देण्याच्या तत्त्वातून येते. आधुनिक औषधाच्या चाचणीत सगळ्यांना एकच गोळी देता येते, इथे तसं केलं तर ‘ही होमिओपॅथीच नव्हे’ असा आक्षेप ठरलेला. या आक्षेपाला उत्तर नाही असं अनेकांना वाटतं, पण उत्तर आहे आणि ते भारतातच वापरून झालं आहे.

केंद्रीय होमिओपॅथी संशोधन परिषद १९७८ मध्ये स्थापन झाली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस एचआयव्हीचं संकट समोर उभं राहिलं, तेव्हा या आजारावर कुठलाच समाधानकारक उपाय जगात नव्हता. परिषदेचे तत्कालीन संचालक डी. पी. रस्तोगी आणि सहकाऱ्यांनी १०० बाधितांवर चाचणी केली. ५० जण लक्षणं नसलेले, ५० जण अंगभर लसिका ग्रंथी सुजलेले. डॉक्टरनं प्रत्येक रुग्णाला तपासून त्याचं औषध स्वतंत्रपणे निवडायचं, चिठ्ठी लिहायची. पुडी मात्र आधीच ठरलेल्या सांकेतिक यादीनुसार जायची. निम्म्यांना लिहिलेलं औषध, निम्म्यांना कोरी गोळी. अशा रीतीनं व्यक्तीनुसार निवडही शाबूत राहते आणि डोळेही झाकलेले राहतात. १९९९ मध्ये ‘ब्रिटिश होमिओपॅथिक जर्नल’मध्ये निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी ग्रंथी सुजलेल्या गटात सीडी-४ या प्रतिकारक पेशींच्या संख्येत औषधाच्या बाजूनं फरक दिसला, लक्षणं नसलेल्या गटात तो दिसला नाही.

मांडणी चांगली होती, आकडे फार थोडे होते. पन्नासातले निम्मे म्हणजे प्रत्येक बाजूला पंचवीस माणसं, आणि सीडी-४ ची संख्या तर साध्या तापानं, अगदी दिवसाच्या वेळेनुसारही हलते. असा निष्कर्ष पक्का करायचा तर तोच प्रयोग मोठ्या संख्येवर, दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या हातांनी व्हावा लागतो. तोवर जग पुढे गेलं होतं. १९९६ पासून एकत्रित विषाणूरोधक (एआरटी) औषधांनी एचआयव्ही आटोक्यात येऊ लागला होता, आणि १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनं, महाराष्ट्रासह बाधितांची संख्या जास्त असलेल्या राज्यांत, ती मोफत द्यायला सुरुवात केली. जीव वाचवणारं औषध उपलब्ध असताना कोरी गोळी देऊन चाचणी घेणं हा अपराधच ठरला असता. ती दारं बंद झाली, आणि बंद झाली हे योग्यच झालं.

या दरम्यान जगभरातल्या चाचण्यांची बेरीज-वजाबाकी सुरू होती. १९९७ मध्ये क्लाउस लिंडे आणि सहकाऱ्यांनी ८९ चाचण्या एकत्र करून होमिओपॅथीच्या बाजूनं कल दाखवला. दोन वर्षांनी त्यांच्याच फेरतपासणीत चाचणी जितकी काटेकोर तितका परिणाम कमी, असं दिसलं. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’नं होमिओपॅथीच्या ११० आणि आधुनिक औषधांच्या ११० चाचण्यांची तुलना छापली. होमिओपॅथीचा परिणाम प्लासिबोशी, म्हणजे कोऱ्या गोळीशी, मिळताजुळता आहे, असा तिचा निष्कर्ष. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेनं १७६ अभ्यास तपासले. एकाही आजारात होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा तिला मिळाला नाही. या निष्कर्षांच्या पद्धतीवर होमिओपॅथांनी आक्षेप घेतले, वाद आजही चालू आहे. पण पुराव्याचा भार औषध देणाऱ्यावर असतो, टीकाकारावर नसतो.

अशा वातावरणात २०१० साली पवईतून आलेल्या बातमीनं खळबळ उडवली. आयआयटी मुंबईच्या रसायन अभियांत्रिकी विभागात प्रशांत चिक्रमाने यांनी प्रा. ए. के. सुरेश, प्रा. जयेश बेल्लारे आणि एस. जी. काणे यांच्यासोबत पहिल्या प्रश्नालाच हात घातला. गोळीचा परिणाम होतो का, हे त्यांनी विचारलंच नाही. बाटलीत काही उरतं का, एवढंच विचारलं. सोनं, चांदी, तांबं, जस्त, कथील आणि प्लॅटिनम या सहा धातूंपासून बनलेली औषधं त्यांनी बाजारातूनच विकत घेतली. थर्टी आणि टू हंड्रेडसुद्धा. द्रव आटवला, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, उरलेल्या अंशाचं रासायनिक मापन केलं. धातूंचे नॅनोकण सापडले. अ‍ॅव्होगॅड्रोच्या हिशेबानं तिथे काहीही असायला नको होतं.

असं का व्हावं, याचं स्पष्टीकरण त्यांनी २०१२ मध्ये ‘लँगम्युअर’ या नियतकालिकात मांडलं. खनिजं वेगळी करण्यासाठी खाणीत फेसाचा वापर करतात. बुडबुड्यांना चिकटून कण वर येतात. बाटली आपटताना तसेच बुडबुडे होतात, धातूचे कण त्यांना चिकटून पृष्ठभागावर थर धरतात, आणि पुढच्या पायरीसाठी वरचाच द्रव घेतला जात असल्यानं ते कण पुढे पुढे जात राहतात, असा हा तर्क. खाणीतली युक्ती बाटलीत दिसणं हे अभियंत्याचं डोळसपण होतं, आणि त्याचं कौतुक करायलाच हवं.

‘आयआयटीनं होमिओपॅथी सिद्ध केली’ असे मथळे मात्र चुकीचे होते. बाटलीत कण सापडणं आणि त्यांनी आजार बरा करणं यांत मोठं अंतर आहे. सापडलेलं प्रमाण मापनयंत्राच्या क्षमतेच्या काठावरचं, अब्जांशांच्याही खालचं, आणि इतक्या सूक्ष्म पातळीवर काचेतून, अल्कोहोलमधून, हवेतून येणाऱ्या अंशांची शंका नेहमीच राहते. शिवाय सहाव्या पोटेन्सीनंतर धातूचं प्रमाण फारसं घटतच नाही, असं याच संशोधनात दिसलं. मग थर्टी आणि टू हंड्रेड यांचे गुण वेगळे असल्याचं होमिओपॅथी सांगते त्याचं काय, हा नवाच प्रश्न उभा राहिला. आणि धातूंचं हे गणित कांद्याला किंवा झेंडूला कसं लावायचं? शास्त्रज्ञांनी आपल्या प्रश्नाच्या मर्यादा पाळल्या. बातम्यांनी पाळल्या नाहीत.

आता नाशिक. जून १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं आणि राज्यभरातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग अशी सारी महाविद्यालयं म्हसरूळच्या दिंडोरी रस्त्यावरच्या एका छताखाली आली. नाशिकच्या मोतीवाला महाविद्यालयापासून विदर्भातल्या महाविद्यालयांपर्यंत होमिओपॅथीत एम. डी. करणाऱ्या प्रत्येकाला विद्यापीठाकडे आधी संशोधनाचा आराखडा आणि मग प्रबंध सादर करावा लागतो. म्हणजे राज्यातल्या होमिओपॅथी संशोधनाचा फार मोठा भाग याच शहरात येऊन जमा होतो.

त्या प्रबंधांचा साचा ठरलेला असतो. तीसेक रुग्ण, उपचाराआधीचे गुण, उपचारानंतरचे गुण, मग आकडेमोड. तुलनेसाठी दुसरा गट बहुतेकदा नसतोच. चामखिळीचं उदाहरण घ्या. चामखिळीवर थुजा हे घरोघरी माहीत असलेलं औषध. तीस रुग्णांना थुजा दिलं आणि सहा महिन्यांत वीस जणांच्या चामखिळी गेल्या, तर प्रबंध यशस्वी. पण चामखीळ अनेकदा आपोआपही जाते. औषध न घेतलेल्या तीस जणांतल्या किती जणांची गेली, हे कुणी मोजलेलंच नसतं. विद्यार्थ्याचा यात दोष नाही. तीन वर्षांची मुदत, महाविद्यालयाच्या ओपीडीत येतील तेवढेच रुग्ण, संख्याशास्त्राचं जुजबी शिक्षण, निधी नाही, आणि ‘फरक पडला नाही’ असा प्रबंध नेला तर परीक्षक काय म्हणतील ही धास्ती. अशी शेकडो तरुणांची मेहनत कपाटात जाते, तेव्हा वाईट वाटतं.

कोविडच्या काळात ही उणीव ढळढळीत दिसली. आयुष मंत्रालयानं २९ जानेवारी २०२० रोजी ‘आर्सेनिकम आल्बम ३०’ ची शिफारस केली. जूनमध्ये राज्याच्या ग्रामविकास विभागानं ग्रामीण भागातल्या पाच कोटी लोकांपर्यंत त्या गोळ्या पोहोचवण्याचं जाहीर केलं. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत. चिठ्ठ्या टाकून निम्म्या गावांना आधी आणि निम्म्यांना सहा आठवड्यांनी गोळ्या दिल्या असत्या, दोन्हींकडची रुग्णसंख्या मोजली असती, तर जगात कुणाकडे नव्हता असा पुरावा मिळाला असता. बाजूनं किंवा विरोधात. सगळ्यांनाच वाटून टाकल्यावर तुलना कशाशी करणार? त्याच जिल्ह्यात मालेगावची साथ भडकली आणि ओसरली, तेव्हा कुणी तिथल्या ‘मन्सुरा’ नावाच्या काढ्याला श्रेय दिलं, कुणी लोकांच्या प्रतिकारशक्तीला. विद्यापीठानं ‘मालेगाव मॅजिक’ नावानं अभ्यास हाती घेतला तो नंतर. साथ ओसरल्यावर मागे जाऊन कारण शोधणं फार कठीण असतं.

यात आता आणखी एक गुंता आला आहे. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर विद्यापीठाचा आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, म्हणजे सीसीएमपी, केलेल्या होमिओपॅथांना काही आधुनिक औषधं देण्याची मुभा मिळाली. त्यांच्या नोंदणीवरून २०२५ मध्ये राज्यभर वाद पेटला, आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांनी संपही केला. त्या वादाचा निकाल काही लागो, संशोधनाच्या दृष्टीनं एक गोष्ट उघड आहे. एकाच चिठ्ठीवर दोन्ही पॅथींची औषधं असतील, तर रुग्ण कशानं बरा झाला हे त्या दवाखान्याच्या नोंदींतून कधीच कळणार नाही.

आजवरचा पुरावा पाहता, होमिओपॅथीची गोळी कोऱ्या गोळीहून अधिक काही करते हे सिद्ध झालेलं नाही. ज्यांना ते सिद्ध करता येईल असं मनापासून वाटतं, त्यांच्याकडे साधनं मात्र आहेत. न्यूरेंबर्गची मोहोरबंद यादी, ढवळ्यांचा न खोडता येणारा कागद आणि व्यक्तीनुसार औषध देऊनही डोळे झाकणारी रस्तोगींची रीत. आधुनिक वैद्यक आणि होमिओपॅथी या दोन्ही विद्याशाखा एकाच छताखाली असलेलं नाशिकचं विद्यापीठ हे सारं एकत्र आणू शकतं. तीस-तीस रुग्णांच्या विखुरलेल्या प्रबंधांऐवजी चामखिळीसारखा, जीवाला धोका नसलेला एकच आजार निवडावा. राज्यातल्या वीस महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी एकाच आराखड्यावर काम करावं, आणि संख्याशास्त्राची बाजू वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी सांभाळावी. २००७ पासून चालू असलेल्या ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया’त पहिला रुग्ण येण्याआधी चाचणीची नोंद व्हावी. आणि निष्कर्ष कोणत्याही बाजूनं आला, तरी तो पूर्ण आकड्यांसह, मराठीतसुद्धा, विद्यापीठानं जाहीर करावा.